इंजिन परळचं

ग्लासगो हे नाव आमच्या चाळीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. लंडन नकाशात कुठे आहे ते शाळेत गेल्यावर कळलं. ग्लासगो त्याआधीच घरात येऊन बसलं होतं. माझे आजोबा, आबा, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांच्या आधी पणजोबा संगमेश्वराकडून मुंबईला आले आणि त्याच फाटकातून खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून आत गेले. गिरण्यांच्या मुलखात आमचं घर रेल्वेवाल्यांचं. शेजारच्या खोल्यांतून साचेखातं, त्रासनखातं, जॉबर असले शब्द कानावर यायचे. आमच्याकडे बॉयलर, टायर, पिस्टन.

इंजिन ओळखायची आबांची रीत ठरलेली होती. आधी चाकं मोजायची, मग पाटी वाचायची. पुढची छोटी चाकं, मधली मोठी, मागची छोटी, दोन्ही बाजूंची मिळून. चार-सहा-शून्य म्हणजे मेलगाडीचं भारी इंजिन, शून्य-सहा-शून्य म्हणजे मालगाडीचं, दोन-आठ-शून्य म्हणजे त्याहून भारी मालगाडीचं. पाटी पितळी असायची. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी ही ग्लासगोतल्या तीन जुन्या कंपन्या १९०३ मध्ये एकत्र येऊन झाली, आणि एकत्र आल्यावरही तिन्ही कारखान्यांनी आपापल्या पाटीचा आकार सोडला नाही. चौकटच्या आकाराची पाटी क्वीन्स पार्क कारखान्याची, गोल असेल तर हाइड पार्कची, लंबगोल असेल तर ॲटलसची. आबांनी समुद्र ओलांडला नव्हता, पण पाटी नुसती चाचपून ते ग्लासगोतला कारखाना सांगत. आणि तो सांगून झाला की पुढचं वाक्य यायचंच: "पाटी ग्लासगोची, इंजिन परळचं."

हे वाक्य नुसतं अभिमानाचं वाटेल. आबांच्या लेखी तो हिशेब होता, आणि तो हिशेब मला आज जास्त पटतो. पण त्याआधी पणजोबांच्या वेळच्या गोष्टी सांगायला हव्यात, कारण आबाही सुरुवात तिथूनच करायचे.

पणजोबांना त्यांच्या मुकादमानं सांगितलेली गोष्ट अशी, की मुंबईत पहिलं इंजिन आलं ते माणसांनी ओढत आणलं. ही गोष्ट खरीच आहे. रूळ टाकायच्या कामासाठी १८५२ मध्ये एक इंजिन जहाजातून उतरलं, तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावावरून त्याला लॉर्ड फॉकलंड म्हणत. दोनशेच्या वर माणसांनी ते रस्त्यातून ओढत भायखळ्याकडे नेलं. पुढे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि पुढे तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं पुढच्या पिढ्यांच्या तोंडी बसली. लँकेशायरमधल्या न्यूटन-ले-विलोज गावच्या व्हल्कन फाउंड्रीनं ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेसाठी अशी आठ इंजिनं पाठवली होती. नाना शंकरशेटांसारखी मंडळी रेल्वेसाठी त्याआधीपासून खटपट करत होती, ते शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते मुकादमाच्या गोष्टीत होतं: पुलाच्या पायात माणूस पुरतात, इंजिनाच्या पोटात भूत कोंडलेलं असतं, संध्याकाळी रुळाकडे पोर पाठवू नये. पणजोबा या गोष्टी हसत सांगत नसत. आठवड्यातून सहा दिवस ते त्या पोटात हात घालत होते, तरी पहिल्या दिवशी आपण नारळ फोडूनच आत गेलो हे ते आवर्जून सांगायचे.

बोरघाटाची गोष्ट मात्र ते आवाज खाली आणून सांगायचे. १८५६ ला काम सुरू झालं, १८६३ ला घाट उघडला. पंचवीस बोगदे आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ. हजारो माणसं कॉलऱ्यानं, तापानं, सुरुंगानं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच आजारानं वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालू ठेवलं. या चढासाठी शार्प स्ट्युअर्ट कंपनीनं खास इंजिनं बांधली. त्यांची पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली, म्हणजे पाण्याचं वजनही चाकांवर दाबून राहील आणि रुळावर पकड मिळेल. शार्प स्ट्युअर्ट पुढे ग्लासगोला गेली आणि त्या तीन कंपन्यांतली एक झाली. आमच्या गॅलरीतलं ग्लासगो असं घाटापासूनच सुरू होतं.

जी.आय.पी.चं पहिलं वर्कशॉप भायखळ्याला होतं. जागा पुरेना म्हणून १८७९ मध्ये ते परळला आलं. रुळांच्या पलीकडे लोअर परळला बी.बी.सी.आय. रेल्वेचा कारखाना. दोन कंपन्यांचे दोन कारखाने आणि भोवती गिरण्या, त्यामुळे भोंग्यांचं एक वेळापत्रकच आभाळात असायचं. आजी भोंग्यावरून भात चढवायची. कुठला भोंगा गिरणीचा आणि कुठला वर्कशॉपचा, यात तिची कधी गल्लत झाली नाही. आबांचे कपडे ती गरम पाण्यात सोडा टाकून वेगळे भिजवायची, तरी ग्रीसचा वास शर्टात राहायचाच. रेल्वेच्या नोकरीला चाळीत मान होता. पगार ठरलेला, गावी जायला पास, म्हातारपणी फंड. गिरणीवाल्यांच्या घरातसुद्धा मुलीसाठी स्थळ बघताना "रेल्वेत आहे" एवढं पुरत असे.

आता हिशेबाकडे येते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या प्रत्येक रेल्वे कंपनीनं आपापल्या नकाशाप्रमाणे विलायतेतून इंजिनं मागवली. त्यातून इतके प्रकार झाले की एकाचा भाग दुसऱ्याला लागेना, आणि नवा भाग हवा तर जहाजाची वाट बघा. म्हणून ब्रिटनमधल्या इंजिनिअरांच्या स्टँडर्ड समितीनं १९०३ पासून ठरावीक वर्गांचे आराखडे काढले. पुढे यांना 'बेसा' इंजिनं म्हणू लागले. साधं पॅसेंजर, साधं माल, भारी पॅसेंजर, भारी माल. नंतर वाफ आणखी तापवायची सोय झाली, तेव्हा वर्गाच्या नावात शेवटी एस आला. भारी पॅसेंजरचं एच.पी.एस. हे आबांचं लाडकं इंजिन. चार-सहा-शून्य, मोठी चाकं सहा फूट दोन इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८० पौंड. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "अंगानं बेताचं, पण रुसत नाही."

याच वर्गांच्या पुढचे एक्स अक्षराचे वर्ग १९२० च्या दशकात आले, हलक्या कोळशावर चालावेत म्हणून रुंद जाळीचे. त्यातल्या एक्स.बी. इंजिनाला वेगात डोलायची खोड होती. १९३७ च्या जुलैत बिहारमध्ये बिहटा इथे एक्स.बी. जोडलेली एक्सप्रेस घसरली आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर या इंजिनांची चौकशी करायला मोठी समिती बसली. आबांच्या पिढीचा जुन्या बेसा वर्गांवर जो जीव होता, त्याला असं कारण होतं.

वर्ग ठरले, मापं एक झाली, आणि त्यामुळे परळला एक गोष्ट करता येऊ लागली: बॉयलरची अदलाबदल. ठरावीक मैल धावलं की इंजिन ओव्हरहॉलला यायचं. इरेक्टिंग शॉपमध्ये क्रेननं ते उचलायचं, चाकं खालून काढून घ्यायची, बॉयलर उचलून बॉयलर शॉपला पाठवायचा. बॉयलरच्या कामाला सगळ्यांत जास्त दिवस लागतात. मग इंजिन तितके दिवस अडवून कशाला ठेवायचं? त्याच वर्गाच्या दुसऱ्या इंजिनाचा तयार झालेला बॉयलर याच्यावर चढवायचा. याचा दुरुस्त झाला की तो तिसऱ्यावर. चाकांना नवे टायर, दांड्यांच्या टोकांना परळच्याच फाउंड्रीत ओतलेल्या नव्या ब्रासा (पितळी बेअरिंगं), जुन्या नळ्या काढून नव्या, फायरबॉक्सला ठिगळ. कनेक्टिंग रॉडवर ज्या इंजिनाचा असेल त्याचा नंबर ठोकलेला असतो, आणि आबा सांगत की नीट बघितलं तर एकाच इंजिनाच्या अंगावर दोन-तीन वेगळ्या इंजिनांचे नंबर सापडत. तीस-चाळीस वर्षं धावलेल्या इंजिनात ग्लासगोचं काय उरलं, तर बऱ्याचदा फ्रेम आणि पाटी. बाकीचं अंग परळच्या दुरुस्तीच्या खड्ड्यांवर उभं राहिलेलं. आबांचा हिशेब तो हा.

या हिशेबाची दुसरी बाजू घरात कुणी सांगितली नाही, ती मी पुढे वाचली. इंग्रजी अमलात ब्रिटनमधून इथे बारा हजारांहून जास्त वाफेची इंजिनं आली. इथल्या कारखान्यांत बांधली गेली ती सातशेच्या आसपास. बांधता येत नव्हती असं नाही. अजमेरच्या कारखान्यानं १८९५ मध्ये मीटरगेजचं एफ वर्गातलं ७३४ नंबरचं इंजिन संपूर्ण बांधून दाखवलं होतं. १९२१ मध्ये जमशेदपूरला इंजिनं बांधायला पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली, पण तिला ऑर्डरी मिळाल्या नाहीत आणि एकही इंजिन न बांधता ती बंद पडली. जो माणूस संपूर्ण इंजिन सुटं करून पुन्हा जोडतो, त्याच्या हाताला नवं इंजिन द्यायचं नाही आणि दुरुस्ती तेवढी करून घ्यायची, ही ठरवून आखलेली रीत होती. आबांच्या वाक्यातला जोर कुठून येतो ते मला इथे कळतं.

गॅलरीत बसून ऐकलेल्या गोष्टींत टायरची गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा सांगायला लावली असेल. इंजिनाच्या चाकाला रबरी नाही, पोलादी टायर असतो. हे जाड कडं चाकापेक्षा किंचित लहान कातायचं, भोवती ज्वाळांचं रिंगण करून तापवायचं, तापून ते फुगलं की चाक क्रेननं अलगद त्यात सोडायचं. थंड होताना कडं आवळतं आणि चाकाला असं धरतं की वेगळं करायला पुन्हा आगच लागते. पणजोबांना हे काम पहिल्यांदा बघून नवल वाटलं नव्हतं. गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो ती अशीच: शेणीच्या जाळात तापवायची, लाकडी चाकावर ठोकून बसवायची, वर पाणी ओतायचं. टायर शॉपमधले पहिले हात कोकणातल्या आणि देशावरच्या लोहारांचे होते असं पणजोबा सांगत. इंग्रज फोरमननं माप शिकवलं. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून "आता" म्हणायचं शिकवायची गरज पडली नाही. खंडेनवमीला घण, हातोडे, पाने धुऊन पुसून मांडले जात, त्यांना झेंडूचा हार, हळदकुंकू. त्या दिवशी क्रेनच्या हुकालाही हार असे.

बॉयलरचं काम याहून कठीण. शंभरावर नळ्या काढायच्या, आतली क्षाराची खपली ठोकून पाडायची. जुनी माणसं खपलीचा रंग बघून इंजिन कुठलं पाणी प्यायलंय ते सांगत, मनमाडकडचं की सोलापूरचं. फायरबॉक्सच्या छताला शिशाचा प्लग असतो. पाणी कमी पडून छत उघडं पडलं तर तो आधी वितळतो, वाफ आगीवर सुटते आणि बॉयलर फुटायचा वाचतो. हा प्लग बदलताना आबा कुणाशी बोलत नसत. गाडीमागे बसलेल्या सगळ्या माणसांचा जीव त्या एवढ्याशा शिशावर, हे ते आम्हाला दर वेळी सांगत. काम पुरं झालं की बॉयलरमध्ये थंड पाणी कोंबून, रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तपासायचं. थंड पाण्यानं, कारण कुठे फाटलं तर पाणी नुसतं गळतं. वाफ असती तर माणसं मेली असती.

आमच्या मजल्यावर एक नाना होते, बॉयलर बनवणारे. गोदीत आणि आणखी कुठे कुठे त्यांनी काम केलेलं. बाहेरून एकजण तापलेल्या रिव्हेटवर घण घालतो तेव्हा दुसरा बॉयलरच्या पोटात बसून आतून ती दाबून धरतो. नाना आत बसणाऱ्यांपैकी. त्यांना चाळिशीतच ऐकू येईनासं झालं होतं. आबा आणि ते हातांच्या खुणांनी बोलत. या खुणा बहिऱ्यांच्या शाळेतल्या नव्हेत, शॉपमधल्या: घण चालू असताना तिथे तशीही कुणाला कुणाचं ऐकू जात नाही, म्हणून सगळेच खुणांनी बोलत. भजनाला नाना टाळ घेऊन बसायचे आणि मृदंगावर पडणारा हात बघून ताल धरायचे. पुढे माझ्या वाचनात आलं की १८८६ मध्ये ग्लासगोत थॉमस बार नावाच्या कानांच्या डॉक्टरनं शंभर बॉयलर कारागिरांचे कान तपासले होते. तुलनेला शंभर लोखंड ओतणारे आणि शंभर पोस्टमन घेतले. त्या शंभर बॉयलरवाल्यांत एकाचेही कान पूर्ण शाबूत निघाले नाहीत. ज्या शहराची पाटी आबा बोटांनी वाचत, तिथेही नानांसारखे शंभर जण होते. कुठल्या इंजिनाच्या पाटीवर त्यांचा उल्लेख नाही.

आणि एक गोष्ट आमच्या गॅलरीत सांगितलीच जात नसे: या कामाला कुणाला हात लावू दिला जात नव्हता. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं इथेच, परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच राहतो, साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेणार नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं. रुळाखाली खडी भरायला चालणारा हात रुळावरच्या इंजिनाला चालत नव्हता. ग्लासगोवाल्यांनी आपल्याला नवं इंजिन बांधू दिलं नाही, ही तक्रार करणाऱ्या घरांनी, आमच्यासकट, हे भाषण ऐकायला हवं होतं. मनमाड काही लांब नाही, पास होता.

मुंबईतली वाफ तोवर मागे हटू लागली होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९३० पर्यंत पुण्याला आणि इगतपुरीला तारा पोचल्या, घाटात 'खेकडे' म्हणतात ती लांब तोंडाची विजेची इंजिनं आली. त्यामुळे आबांच्या नोकरीच्या उत्तरार्धात परळला येणारी वाफेची इंजिनं बहुतेक करून मेलेली यायची, म्हणजे आग विझवलेली, मालगाडीच्या मागे ओढत. पेटायची ती इथून जाताना. ५ नोव्हेंबर १९५१ ला जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली. त्याच सुमारास डब्ल्यू.जी. हा मालगाडीचा नवा वर्ग येऊ लागला, दोन-आठ-दोन, दाब २१० पौंड. सुरुवातीची इंजिनं ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशचीच. मग चित्तरंजनच्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० ला ८४०१ नंबरचं 'देशबंधु' निघालं, आणि १९७० मध्ये 'अंतिम सितारा' निघेपर्यंत या वर्गाची २४५० इंजिनं झाली. दोन्ही ठिकाणची डब्ल्यू.जी. ओव्हरहॉलला शेजारशेजारच्या खड्ड्यांवर उभी राहायची. आबांनी चित्तरंजनची पाटीही चाचपून पाहिली होती. त्यांचं म्हणणं, काम सारखंच आहे, यात नवल नाही. नवल हे की बंद कोण पडलं: नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२ मध्ये बुडाली. ही बातमी त्यांना कुणी तरी वर्तमानपत्रातून वाचून दाखवली तेव्हा ते जेवत होते. "चांगले कारागीर होते," एवढं म्हणाले आणि खूप वेळ तसेच बसले.

ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला पंजाबात धावली. जी.आय.पी.चं ९२२ नंबरचं चार-चार-दोन इंजिन, मेलगाडीचं, नॉर्थ ब्रिटिशनं बांधलेलं, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. अशा इंजिनाची ओळख करून देताना बांधणाऱ्याचं नाव दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं. पण चालत्या इंजिनावर आणखी एक मजकूर असायचा, रंगानं लिहिलेला: ओव्हरहॉल कुठल्या कारखान्यात झालं आणि कुठल्या महिन्यात. संग्रहालयांनी नवा रंग देताना तोही पुन्हा लिहावा असं मला मनापासून वाटतं. जतन केलेल्या प्रत्येक इंजिनाच्या नोंदींत परळ, जमालपूर, अजमेर ही नावं शोधून ती पाटीइतक्याच ठळक अक्षरांत लावली पाहिजेत.

तो मजकूर रंगवायच्या आधी एक शेवटचं काम उरायचं, ट्रायल. भट्टी पेटवून, दाब चढवून, डबे न जोडता इंजिन कल्याणकडे न्यायचं. ड्रायव्हर, फायरमन, आणि जोडणाऱ्या फिटरांपैकी एकजण फूटप्लेटवर. आबांची पाळी असली की आजी डब्यात जास्तीची भाकरी द्यायची, कारण परत यायची वेळ सांगता येत नसे. ठाण्याला इंजिन थांबवायचं आणि फिटरनं खाली उतरून एकेका चाकाच्या ॲक्सल बॉक्सला हाताची पालथी बाजू लावायची. तळहाताला घट्टे असतात, त्याला ऊब नीट कळत नाही. बॉक्स कोमट असेल तर ठीक, नवी ब्रास बसेपर्यंत एवढं चालतं. चटका बसला तर तेल कमी आहे किंवा ब्रास घासतेय. मग कल्याण रद्द, तिथूनच हळूहळू परळ, पुन्हा क्रेन, पुन्हा चाकं खाली, ब्रास खरवडायची आणि निळा रंग लावून टेकते कुठे ते बघायचं. सगळे बॉक्स ठीक निघाले तर कल्याणला जाऊन फिरायचं, परतताना ठाण्याला पुन्हा उतरून तेच करायचं. मग फोरमनची सही व्हायची आणि इंजिन मनमाडला, दौंडला, भुसावळला, जिथल्या शेडचं असेल तिथे निघून जायचं. आबा म्हणायचे, तोवर त्या खड्ड्यावर दुसरं येऊन उभं राहिलेलं असायचं, आणि त्याची चाकं मोजून झालेली असायची.